पुरे म्हणणारा हात

सरकारी पत्रव्यवहारात 'आपल्या विनंतीचा सहानुभूतीपूर्वक विचार करण्यात येईल' हे वाक्य आले की मामला तहकूब झाला असे खुशाल समजावे, हे मी नोकरीच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतच शिकले होते. अनुदानाचा हप्ता लांबला, एखाद्या पदाची मान्यता अडली किंवा गळक्या छपराच्या दुरुस्तीचा प्रस्ताव त्रुटी दाखवून परत आला, की त्या कागदाच्या तळाशी हे वाक्य टंकलिखित झालेले असे आणि आमच्या मोठ्या बाई ते एकवार वाचून, काही न बोलता, कागद फायलीला टाचून ठेवीत. सह-अनुभूती, म्हणजे दुसऱ्याला जे होते आहे ते त्याच्याबरोबर आपणालाही होणे, एवढा मोठा अर्थ पोटात बाळगणाऱ्या शब्दाची कचेरीत अशी दैना व्हावी याची मला त्या वयात मोठी मौज वाटे. परंतु त्याच शब्दाच्या बाबतीत माझे स्वतःचे वर्तन कचेरीहून फारसे निराळे नव्हते, हे ध्यानात यायला पुढे पुष्कळ काळ जावा लागला.

1976 साली कृष्णाकाठच्या एका गावी, भाड्याच्या वाड्यात भरणाऱ्या मतिमंद मुलांच्या शाळेत मी रुजू झाले तेव्हा पटावर 23 मुले होती. 'मतिमंद' हा शब्द तेव्हा पाटीवरही होता आणि आमच्या तोंडीही होता. पुढे तो अनेकदा बदलला आणि आता 'बौद्धिक दिव्यांग' म्हणण्याचा प्रघात आहे. तो अधिक सभ्य आहे यात शंका नाही, पण ज्या दिवसांविषयी मी लिहीत आहे त्या दिवसांतील माझे अज्ञान झाकण्यासाठी आजचा शब्द मागे नेऊन चिकटवणे मला प्रशस्त वाटत नाही. मुलांची नावे मात्र मी येथे बदलली आहेत.

दाखल होणाऱ्या प्रत्येक मुलाचे बुद्धिमापन होई. पॅरिसमध्ये 1905 साली बिने आणि सिमाँ यांनी जी कसोटी प्रथम रचली, तिच्या पुढच्या अमेरिकन आवृत्तीवरून धारवाडच्या डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी 1934 साली मराठी आणि कानडी मुलांसाठी कसोटी सिद्ध केली होती, तिचा आम्हाला मोठा आधार असे. आणि मूल व्यवहारात किती पाण्यात आहे हे पाहण्यासाठी नागपूरच्या डॉ. मॅलिन यांनी भारतीय परिस्थितीस जुळवून घेतलेली व्हाइनलँडची सामाजिक परिपक्वतेची मापनश्रेणी होती. हाताने जेवतो काय, बटणे लावतो काय, एकटा दुकानापर्यंत जाऊन येतो काय, असे प्रश्न आईला विचारून तिच्या जबानीवरून ती भरायची. दुसऱ्याच्या डोळ्यांत पाणी आले तर हे मूल काय करते, असा प्रश्न मात्र मला तीत आढळला नाही. आणि तो असावा अशी कोणा विश्वस्तांची सूचना झाल्यावरून आमच्या संस्थेने आपल्या प्रगतिपत्रकात 'इतरांच्या भावनांची जाणीव' असा एक रकाना छापून घेतला होता. त्यापुढे 'आहे', 'अल्प' किंवा 'नाही' यांपैकी एक शेरा सहामाहीस भरावयाचा. हा शेरा मी फार झटपट भरीत असे.

दत्तू तेव्हा बारा वर्षांचा होता, बुद्ध्यंक 42, वाचा तीन-चार शब्दांपुरती. त्याच्या शेजारी यमू बसे. यमूला आकडी येई, जशी आमच्याकडील बऱ्याच मुलांना येत असे. एके दिवशी मणी ओवण्याच्या तासाला ती बाकावरून खाली कोसळली, परडीतले मणी शहाबादी फरशीवर चोहीकडे उधळले, तिचे हातपाय ताठ होऊन झटके देऊ लागले, आमच्या मावशींनी पायातली वहाण काढून तिच्या नाकाशी धरली (हा उपचार निरर्थक आहे, मूल अलगद कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये आणि घड्याळाकडे लक्ष ठेवावे, हे आम्हाला पुढे एका डॉक्टरांनी शिकवले), आणि या साऱ्या गदारोळात दत्तू दोन्ही तळवे मांड्यांवर आपटीत मोठमोठ्याने हसत होता. यमूचा फ्रॉक ओला झाला होता. तो पाहूनही तो हसला. मी त्याला दंडाला धरून पडवीत नेऊन उभे केले, आणि त्या सहामाहीस रकान्यात लिहिले, 'नाही. दुसऱ्याच्या दुःखास हसतो.' तपासणीला आलेल्या साहेबांनी त्या पानावर हिरव्या शाईने सही केली.

त्यानंतर दत्तू वर्गात मधूनच, काही कारण नसता, तसाच हसू लागला आणि मी त्याला तशीच पडवी दाखवू लागले. असे किती दिवस चालले असते कोण जाणे, पण एका दुपारी मावशी केरसुणी हातात धरूनच माझ्यापाशी आल्या आणि म्हणाल्या, "बाई, ह्यो हसाय लागला की पोरीला येतंय, बघा तुमी." मी ते हसण्यावारी नेले, तरी मनात कोठेतरी ते रुतले असावे, कारण मी एका वहीच्या मागच्या पानावर महिनाभर खुणा करून ठेवल्या. त्या महिन्यात यमूला चार वेळा आकडी आली आणि त्यांपैकी तीन वेळा दत्तूचे हसणे आधीचे होते. मग मी यमूकडे नव्हे तर दत्तू यमूकडे कसा पाहतो याकडे पाहू लागले, तेव्हा मला जे दिसले ते असे, की आकडी येण्याच्या मिनिटभर आधी यमू ओठ चाटू लागे आणि डाव्या हाताच्या बोटांनी फ्रॉकची कड चिमटीत धरून ओढी, इतके हळू की समोर उभ्या असलेल्या शिक्षिकेला ते कळू नये. आणि शेजारच्या बाकावरचा, ज्याला दुसऱ्याच्या भावनांची जाणीव नाही असे मी सहीशिक्क्यानिशी नमूद केले होते तो मुलगा, नेमके तेवढे पाहून भीतीने हसत सुटे. त्याच्या घरी गेले तेव्हा त्याचे वडील, वास्तविक मनाने वाईट नसलेले गृहस्थ, अभिमानाने म्हणाले, "रडायचं नाही म्हणजे नाही, ही सवय लावलीय त्याला." भ्यालेल्या मुलाला घरात जे एक दार बंद करून ठेवले होते त्याच्या जागी त्याने दुसरे उघडले असावे, हा माझा तर्क, तो सिद्ध करण्याचे साधन माझ्यापाशी नाही.

आम्ही त्याला हसण्याऐवजी 'बाई' अशी हाक मारायला शिकवले. ते त्याला पुरतेपणी कधीच साधले नाही. तो 'बाई' म्हणे आणि हसेही. परंतु पुढली कित्येक वर्षे आमच्या शाळेत नव्याने रुजू होणाऱ्या प्रत्येक शिक्षिकेला हजेरीपट हाती देण्यापूर्वी एक गोष्ट सांगितली जाई: दत्तू हसला तर धावत जा.

गंगूची गोष्ट निराळी आहे. तिला डाउन सिंड्रोम होता, ज्याला त्या वेळी डॉक्टरसुद्धा एका मानववंशाचे नाव लावून मोकळे होत. पुण्याहून आणलेला चेहऱ्यांचा एक तक्ता आमच्याकडे होता: हसरा, रडका, रागावलेला, घाबरलेला. रडक्या चेहऱ्यावर छडी ठेवून "याला काय झालंय?" असे विचारले की गंगू म्हणे, "भूक लागली." खेळणे मोडलेल्या मुलाचे चित्र दाखवले, भूक लागली. पायाला पट्टी बांधलेला म्हातारा, भूक लागली. मी रकान्यात 'अल्प' लिहिले. तिचे वडील बाजार समितीत हमाली करीत आणि घरात ही धरून सहा भावंडे होती. त्या घरात रडण्याला बहुधा एकच अर्थ होता आणि तो अर्थ तिला पक्का ठाऊक होता. जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे असे आपण म्हणतो, पण दुसऱ्याच्या वंशात जाण्यासाठीसुद्धा मनुष्य निघतो तो आपल्याच घरून.

1981 च्या पावसाळ्यात एके सकाळी शाळेच्या पत्त्यावर मला तार आली. माझा धाकटा भाऊ गेला होता. गावी जाणारी गाडी दुपारची होती. मी कोठीच्या खोलीत जाऊन, तांदळाच्या पोत्यावर बसून, पदर तोंडात कोंबून रडत होते आणि कोणी पाहू नये म्हणून दार लोटून घेतले होते. दार हलले आणि गंगू आत आली. तिने काही विचारले नाही. आपला डबा जमिनीवर ठेवून तिने झाकण मोठ्या कष्टाने उघडले, भाकरी मोडली, तिच्यावर लसणीची चटणी बोटाने पसरली आणि तो अर्धा तुकडा माझ्या तळव्यावर ठेवला. आणि एवढ्यावर न थांबता तिने माझी बोटे एकेक करून त्या तुकड्याभोवती मिटवली, करंगळीपासून सुरुवात करून, अगदी तशी, जशी मी तिची बोटे दोन वर्षे पेन्सिलीभोवती मिटवीत आले होते. मला भूक नव्हती. मी ती भाकरी खाल्ली. मी खाते आहे याची खात्री होईपर्यंत ती माझ्याकडे पाहत उभी राहिली आणि मग डबा बंद करून वर्गात निघून गेली.

परत आल्यावर मी तो रकाना पुष्कळ वेळ न्याहाळीत बसले. चित्रातल्या म्हाताऱ्याचे दुःख तिला 'ओळखता' आले नव्हते हे खरे. माझेही तिने चुकीचेच ओळखले होते. आणि तरी त्या दिवशी शाळेत माझ्याजवळ येऊन काही करणारी ती एकटीच होती. ओळखणे, वाटणे आणि काही करणे या तीन गोष्टी मी आजवर एकाच शेऱ्यात कोंबीत आले होते. पुढे, निवृत्तीच्या सुमारास, मला असे वाचावयास मिळाले की कॅसरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात डाउन सिंड्रोम असलेली मुले समोरचे माणूस व्यथित दिसताच त्याच्याकडे इतर मुलांहून अधिक पाहत आणि त्याला अधिक धीर देऊ पाहत, परंतु काल्पनिक गोष्टीतल्या पात्राची भावना तुला कशी वाटते असे विचारले की मागे पडत. ते वाचताना मला त्या तक्त्याची आणि त्या भाकरीची आठवण झाली. त्याआधी सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेत (1984 साली ती स्थापन झाली आणि तिने आमच्यासारख्या आडगावच्या शिक्षकांना प्रथमच एका छताखाली बसवले) एका अल्पमुदतीच्या वर्गात मला बाहुल्यांच्या सुप्रसिद्ध प्रयोगाविषयीही कळले होते: एक बाहुली आपली गोटी टोपलीत ठेवून बाहेर जाते, दुसरी ती गुपचूप पेटीत हलवते, आता पहिली परत आल्यावर गोटी कोठे शोधील? इंग्लंडात 1985 साली बॅरन-कोहेन, लेस्ली आणि फ्रिथ यांनी तो केला तेव्हा डाउन सिंड्रोम असलेल्या 14 मुलांपैकी 12 मुलांनी बरोबर उत्तर दिले, स्वमग्न मुलांपैकी मात्र 20 पैकी 16 चुकली, जरी त्यांची बुद्धी पहिल्यांपेक्षा सरस होती. बुद्ध्यंकाचा आकडा आणि दुसऱ्याच्या मनात डोकावण्याची शक्ती या एकाच काट्याने तोलता येत नाहीत, एवढे त्यावरून मला उमगले. अर्थात गोटी कोठे शोधील हे सांगता न येणारा मुलगा रडणाऱ्या बहिणीपाशी जाऊन बसणार नाही, असा निष्कर्ष मी त्यातून काढणार नाही. तसे बसलेले मी पाहिले आहेत.

गंगूला आम्ही विचारायला शिकवले. मावशी गालाला फडके बांधून कण्हत बसत आणि गंगूने जाऊन म्हणायचे, "काय झालं?" ती म्हणे "काय झालं?" आणि उत्तराची वाट न पाहता भाकरी पुढे करी. मग उत्तरासाठी थांबणे हाच एक स्वतंत्र धडा झाला: विचारल्यावर बोटांवर पाच मोजायचे. मग मावशींचा हात कोठे आहे ते पाहायचे, गालावर, की गुडघ्यावर, की कोठेच नाही. मग पाणी द्यायचे, बाईंना हाक मारायची, किंवा नुसते जवळ बसायचे. यांतले नुसते जवळ बसणे शिकवायला सर्वांत अवघड गेले, कारण त्यात करायचे काय हे दाखवता येत नाही. आठ महिने लागले. मध्यंतरी शाळेबाहेरच्या एका टारगट पोराने असा शोध लावला की गंगूसमोर डोळे चोळले की ती एसटीच्या भाड्याचे पैसे काढून देते. तेव्हा तिला 'नाही' म्हणणेही शिकवावे लागले, आणि ते शिकवताना मला स्वतःची थोडी लाज वाटली.

येथवर मी जे सांगितले त्यात मुले काही देत होती आणि मी ते उशिरा पाहत होते. पण आमच्या शाळेत मुलांना देण्याचे प्रसंग तरी किती येत? सकाळी आई अंघोळ घाली, बाप बटणे लावी, शेजारीण खाऊ देई, रिक्षावाला दप्तर उचली. शाळेत आम्ही ताट वाढून पुढे ठेवत असू आणि गावातल्या प्रतिष्ठितांच्या वाढदिवसाला केळी, पेढे, टॉवेल आणि एकदा तर ऐन उन्हाळ्यात कांबळी, फोटोसह, वाटली जात. उजाडल्यापासून मावळेपर्यंत ज्याचे दोन्ही हात घेण्यासाठीच पुढे करवले जातात त्याला दुसऱ्याची गरज कशी असते हे पाहण्याचे प्रयोजनच उरत नाही, असा मला हळूहळू संशय येऊ लागला. आणि 1983 च्या जूनमध्ये मी मोठ्या बाईंच्या संमतीने दुपारच्या पंगतीचे वाढप मुलांकडे सोपवले.

पंगतीसारखी शाळा नाही. वाढप्याला क्षणोक्षणी दुसऱ्याच्या ताटात, आणि ताटावरून त्याच्या तोंडाकडे, पाहावे लागते. कोणाची भाजी संपली, कोणाचा भात कोरडा राहिला, कोण मागायला लाजतो आहे, हे ओळखावे लागते. बाळू हा आमचा पहिला वाढपी. पंधरा वर्षांचा, दांडगा, कामाला वाघ. पहिल्या आठवड्यात त्याने ओगराळ्याने वाढलेली आमटी वाटीतून भातात, भातातून ताटाबाहेर आणि तेथून मुलांच्या मांडीवर गेली, कारण त्याची दृष्टी ओगराळ्यावर खिळलेली असे आणि ते रिकामे झाल्याशिवाय उचलावयाचे नाही अशी त्याची खूणगाठ होती. मी मोठी शक्कल लढवून प्रत्येक वाटीच्या आत तांबड्या तैलरंगाची रेघ ओढून घेतली. सांडणे तत्काळ थांबले आणि मी स्वतःवर बेहद्द खूश झाले. चार-पाच दिवसांनी पाहते तो बाळू रेघेपर्यंत आमटी सर्वांना सारखीच वाढीत चालला होता, 'नको' म्हणणाऱ्यालाही आणि ताटावरून उठलेल्यालाही. तो रेघ पाहत होता, माणूस पाहत नव्हता. मला माझ्या रकान्याची आठवण झाली. त्या संध्याकाळी मावशी आणि मी टर्पेंटाइनची बाटली घेऊन ओट्यावर बसलो आणि साऱ्या वाट्यांच्या रेघा खरवडून काढल्या.

मग पुन्हा पहिल्यापासून: समोर उभे राहा, वाटी पाहा, "हवं?" विचार; हात पाहा. ताटावर आडवा हात म्हणजे पुरे. हा पुरे म्हणणारा हात आम्ही घोकून घोकून शिकवला. त्याच सुमारास मी मुलांना एकनाथांची गोष्ट सांगितली, रामेश्वराला नेण्यासाठी कावडीतून आणलेले गंगेचे पाणी त्यांनी तहानेने तळमळणाऱ्या गाढवाला कसे पाजले ती, इतर मुले गाढव म्हणताच खिदळली, पण बाळू गंभीरपणे म्हणाला, "गाढवानं पुरे कसं म्हटलं?" याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. अजूनही नाही.

एक गंमत येथे सांगितली पाहिजे. आपल्या समाजात 'नको' याचा अर्थ पुष्कळदा 'आणखी एकदा म्हणा' असा असतो हे बाळूला आम्ही शिकवले नव्हते. त्या वर्षीच्या स्नेहसंमेलनाच्या जेवणाला आलेल्या एका वजनदार पाहुण्यांनी जिलबीचे ताट समोर येताच रीतीप्रमाणे पंजा आडवा धरून "नको, नको" म्हटले, आणि बाळू आज्ञाधारकपणे पुढच्या ताटाकडे गेला. पाहुण्यांनी पुढल्या फेरीची वाट पाहिली. पुढल्या फेरीला त्याने त्यांना लांबूनच ओळखले आणि थेट वगळले. चिटणीसांनी मला नंतर खाजगीत सुनावले. मला त्या मुलाची बाजू बरोबर वाटली आणि आजही वाटते.

मार्गशीर्षातल्या एका दुपारी मी पंगतीच्या टोकाला ताकाची बादली घेऊन उभी होते. पंगतीत मेंदूच्या पक्षाघाताचा एक लहान मुलगा होता. त्याचे हात छातीशी आखडलेले असत, ताटावर आडवा हात धरणे त्याला शक्यच नव्हते, आणि त्याला मावशी भरवीत. बाळू त्याच्यासमोर आला, "हवं?" म्हणाला, आणि हात पाहण्यासाठी वाकला. हात छातीशीच होता. तो बराच वेळ वाकून राहिला, इतका की मागच्या रांगेतून कालवा सुरू झाला. मी पुढे होणार तोच त्या लहानग्याने डोळे घट्ट मिटले आणि मान वळवली. बाळूने ओगराळे परत पातेल्यात सोडले आणि म्हणाला, "पुरे." हे त्याला कोणी शिकवले नव्हते.

असेच सगळे साधत गेले असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. चावणारा एक मुलगा होता, त्याच्यापाशी मी नऊ वर्षे हरले. आणि मुले जे आपोआप शिकत ते बहुधा आम्ही शिकवीत नसू. एकदा दूध उतू गेल्यावरून मी मावशींना सर्वांदेखत फाडून बोलले. दुसऱ्या दिवशी खेळाच्या तासाला एक मुलगी दुसरीला भिंतीशी उभी करून, तर्जनी नाचवीत, माझाच खालचा ओठ माझ्यासारखाच मुडपून ओरडत होती. समानुभूतीचे पाठ मी वर्गात घेत होते आणि प्रात्यक्षिक स्वयंपाकघरात चालू होते. मावशींची मी क्षमा मागितली, तीही सर्वांदेखत; त्यांना ते फार अवघड झाले.

घरच्यांविषयी एवढेच लिहिते, की दुःखापासून या मुलांना दूर ठेवण्याची जी माया असते ती मला अखेरपर्यंत पटली नाही. एका मुलाचे आजोबा वारले तेव्हा त्याला तीन दिवस शेजारी ठेवले, "त्याला काय कळणार" म्हणून. घरी आल्यावर तो रोज संध्याकाळी आजोबांची काठी आणि चष्मा उंबऱ्याशी नेऊन ठेवू लागला, त्यांची फिरायला जाण्याची वेळ झाली की. सर्वांनी ती विसरभोळ्या बुद्धीची लक्षणे मानली. मी त्याच्या आईला म्हटले, त्याला नदीवर घेऊन जा, जेथे रक्षा सोडली तेथे, आणि सांगा. ती घेऊन गेली. त्याने काठी पाण्यात सोडली आणि चष्मा मात्र खिशात ठेवून घेतला. तो का, हे कोणाला कळले नाही आणि विचारून काही उत्तर आले नाही.

मी 2005 साली निवृत्त झाले. ते प्रगतिपत्रक तोवर दोनदा बदलले होते. रकान्याच्या जागी आम्ही कोरी जागा ठेवून 'काय केले ते लिहा' एवढेच छापून घेतले, आणि शिक्षिका कुरकुरत, कारण 'अल्प' लिहायला एक क्षण लागतो आणि हे लिहायला मुलापाशी बसावे लागते. दत्तूच्या पहिल्या पानावरचा माझा शेरा तसाच आहे. हिरव्या सहीच्या पानावर खाडाखोड करायची नाही, असा शिरस्ता होता.

परवा गुरुपौर्णिमेला संस्थेच्या कार्यशाळेत मला बोलावले होते. तेथे आता मोठी झालेली मुले फायली आणि कागदी पिशव्या करतात. बाळूच्या कानशिलांवर केस पांढरे झाले आहेत. चहा देण्याचे काम त्याचे. अलीकडे माझ्या उजव्या हाताला कंप असतो आणि चारचौघांत कप धरण्याचे मी शक्यतो टाळते. पण त्या दिवशी नकार देणे बरे दिसले नसते. बाळू किटली घेऊन माझ्यासमोर आला, "हवं?" म्हणाला आणि कप धरलेल्या माझ्या हाताकडे पाहत राहिला. मग त्याने कप अर्धा भरला आणि किटली सरळ केली. माझ्या शेजारी बसलेल्या नव्या विश्वस्तांचा कप त्याने काठोकाठ भरला, इतका की थोडा बशीत उतरला. माझा अर्धा कप संपेपर्यंत तो तेथेच उभा होता. मग त्याने उरलेला अर्धा ओतला.